आईने टाकलेला शब्द

माझा नवरा बास्केटबॉल खेळतो, हे मी आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "ते ठीक आहे, पण करतो काय?" मी म्हटलं, तेच करतो. ती म्हणाली, ते संध्याकाळी करत असेल, मी दिवसाचं विचारतेय. शिवाय तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे हे तिला त्याच फोनवर कळलं, त्यामुळे बास्केटबॉल जरा मागे पडला. आईला दोष देण्यात अर्थ नाही. जपानात सेंदाईला असताना मी स्वतः त्याला हाच प्रश्न, अगदी याच सुरात विचारला होता.

सेंदाईला मी भाताच्या मुळांवर पीएचडी करत होते. पदवीच्या मुलांचं भातलावणीचं प्रात्यक्षिक असलं की आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना देखरेखीला धाडत. त्या वर्षी एक भला लांब मुलगा बांधावर पाय पसरून चक्क झोपलेला मला सापडला. मी त्याला उठवून झापलं. माझं जपानी तेव्हा पुस्तकातलं होतं, त्यामुळे झापलं तेही अत्यंत आदरार्थी. बाकीची मुलं माझ्याकडे भेदरून बघत राहिली. तो उठला, कमरेत वाकून माफी मागितली, आणि आपल्या वाटणीपेक्षा दोन ओळी जास्त लावून गेला. नंतर कळलं की हा विद्यापीठाच्या संघाचा हिरो, क्रीडागृहाच्या दारात याचा फोटो लावलेला आहे, आणि सकाळी सहापासून सराव करून तो थेट शेतात आला होता.

पुढच्या आठवड्यात तो प्रयोगशाळेत आला आणि शनिवारच्या सामन्याला या, असं म्हणून गेला. मी शाळेत पीटीचा तास चुकवण्यासाठी सहा वर्षं पोटदुखी सांभाळलेली बाई. सामन्याला जाताना वाचायला दोन शोधनिबंध घेऊन गेले. एकही वाचला नाही. त्याच्या खेळात आरडाओरडा नव्हता, छाती पिटणं नव्हतं. चेंडू त्याच्याकडे यायचा आणि लगेच गेलेलाही असायचा. त्याने लांबून बास्केटकडे चेंडू टाकला की समोरच्या संघातली दोन-तीन मुलं तो आत पडायची वाटही न पाहता परत फिरायची. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण ते परत फिरणं कळलं.

शेवटच्या वर्षी त्याच्या वर्गातली सगळी मुलं काळे सूट घालून नोकरीच्या मुलाखतींना पळत होती. हा मात्र ट्रॅकसूटमध्येच. मी विचारलं, पुढे काय? तो म्हणाला, बास्केटबॉल. कृषी शाखेतून व्यावसायिक खेळाडू होणारा तिथे तो पहिलाच असावा. त्याच्या प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन, तुम्ही तरी समजवा, असं सुचवलं. मी समजवायला गेले आणि वर्षभराने त्याच्याशी लग्न करून बसले.

त्याला आता बारा वर्षं झाली. पहिला संघ बर्फाळ गावातला होता. तिथल्या जिममध्ये सरावाला सुद्धा तोंडातून वाफ निघायची. मग आणखी दोन गावं, दोन संघ. मधली काही वर्षं फार चांगली गेली. एका मोसमात तो पहिल्या श्रेणीतही खेळला, आणि त्या गावच्या कोम्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, बाईंनी त्याच्याकडून पिशवीवर सही घेतली. गेली चार वर्षं तो त्सुकुबाहून गाडीने तासाभराच्या अंतरावरच्या संघात आहे. माझी संशोधन संस्था त्सुकुबात, मुलगी इथल्याच पाळणाघरात, म्हणजे आम्ही तिघं पहिल्यांदाच एका छताखाली राहतो. घरात दोन करार, दोन्ही एकेका वर्षाचे. माझा मार्चमध्ये संपतो आणि त्याचा जूनमध्ये. अशा घरात वसंत ऋतू साकुराची फुलं बघण्यात जात नाही, फोनची वाट बघण्यात जातो. तरी मला विचाराल तर आमचं बरं चाललं होतं.

यंदाच्या मोसमात मात्र तो बेंचवरच बसला. गुडघा कुरकुरत होता, संघात नवे, चपळ खेळाडू आले होते. नोव्हेंबरात त्याला सामन्यात चार-पाच मिनिटं मिळत. जानेवारीपासून तीही बंद झाली. तो कुरकुर करणारा नाही. भाजीला मीठ कमी पडलं तरी न बोलता जेवणारा माणूस. जानेवारीतल्या एका रविवारी भांडी विसळताना तो मला एवढंच म्हणाला, की हे शेवटचं वर्ष असेल तर असू दे. "पण मला खेळून थांबायचंय. बसून नाही." नळ चालूच होता. त्यानंतर तो विषय त्याने काढला नाही, आणि मला मात्र दुसरं काही सुचेना.

फेब्रुवारीत आई आली, तीन महिन्यांसाठी. माझा मोठा प्रयोग चालू होता आणि मुलीला शाळेत घालायचं होतं. आई निवृत्त शिक्षिका. पुण्यातल्या एका शाळेत तिने तेहतीस वर्षं गणित शिकवलं. आल्या आल्या तिने कचऱ्याचं वेळापत्रक पाठ केलं आणि मी प्लास्टिकची बाटली झाकणासकट टाकते म्हणून मला सुनावलं. जावयाशी तिचं मस्त जमतं. त्याला मराठी शब्द येतात चाळिसेक, बहुतेक सगळे स्वयंपाकघरातले, आणि "आई, बास" हे तो इतक्या कळवळून म्हणतो की ती हमखास आणखी एक पोळी वाढते. बाकीचं मी भाषांतर करते. म्हणजे, करत नाही. आईचं धारदार बोलणं मी बोथट करून पोचवते, आणि त्याच्या एका शब्दाला दोन-तीन मायेची वाक्यं जोडून आईला देते. त्यामुळे दोघांचाही एकमेकांबद्दल फार चांगला ग्रह झालेला आहे.

आई दर शनिवार-रविवारी घरच्या मैदानावरचे सामने बघायला यायची. पंजाबी ड्रेसवर संघाचा पिवळा टी-शर्ट चढवायची, मुलीला मांडीवर घ्यायची आणि जपानी बायकांबरोबर ठेक्यात टाळ्या वाजवायची. जावई समोर बेंचवर. तिसऱ्या आठवड्यात तिचा धीर सुटला. म्हणाली, "पाटावर बसवायचं, ताट मांडायचं आणि वाढायचंच नाही, ही कुठली पद्धत?" मी समजावलं की कोचचा निर्णय असतो. ती म्हणाली, मग कोचला कुणी विचारलं का? मी म्हटलं, इथे विचारत नाहीत. इथे खेळाडूच्या घरच्यांनी कोचशी खेळाबद्दल अवाक्षर काढायचं नसतं. शाळेच्या संघापासून तेच. आई-वडील पाणी भरतील, गाड्यांतून मुलं पोचवतील, पण माझ्या मुलाला खेळवा, असं कुणी म्हणणार नाही.

आईला हे पटणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे शब्द टाकण्याची रीत आहे. माझी शाळेतली तुकडी बदलली ती शब्दावर, मामाची बदली थांबली ती शब्दावर, आणि मावशीचं लग्न तर दोन्हीकडून शब्द टाकूनच जमलं. आपल्या माणसासाठी योग्य ठिकाणी शब्द टाकायचा नाही, ही आईच्या लेखी सभ्यता नव्हे, कोडगेपणा आहे. शिवाय ती शिक्षिका. पालक भेटायला आले की तिला बरंच वाटायचं.

मार्चच्या एका शनिवारी ते घडलं. घरचा सामना संपला की खेळाडू आणि कोच दारापाशी रांगेने उभे राहतात आणि प्रेक्षक त्यांच्या हातावर हात आपटत बाहेर पडतात. आम्हीही रांगेत होतो. नवऱ्याच्या हातावर आईने टाळी दिली, पुढच्या दोघांच्या दिली, आणि कोचपाशी येऊन ती थांबली. टाळी द्यायच्या ऐवजी तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मराठीत सुरू झाली. मागची रांग थांबली.

"सर, आमचे जावई बारा वर्षं खेळतायत. घरी एक शब्द बोलत नाहीत, पण मला दिसतं. त्यांना खेळवा. खेळवण्यासारखं राहिलं नसेल तर तसं तोंडावर सांगा. पण असं नुसतं बसवून ठेवू नका." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग त्यांना."

माझ्याकडे नेहमीची सोय होती. आई म्हणते, जावयाला सांभाळून घेता, आभारी आहोत, एवढं म्हटलं असतं की दोघंही वाकले असते आणि रांग पुढे सरकली असती. मी तसं केलं नाही. आई जे म्हणाली ते सगळं, शब्दाला शब्द, मी जपानीत सांगितलं. आईच्या आडून मी ते बोलले, हे मला बोलतानाच कळत होतं. जानेवारीपासून माझ्या घशाशी आलेलं ते वाक्य होतं, आईने फक्त त्याला वाचा दिली. नवरा चार हात लांब उभा होता. त्याच्याकडे बघण्याची माझी छाती झाली नाही.

कोच पन्नाशीचे, सडपातळ गृहस्थ. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. "ऐकलं मी," म्हणाले, आईपुढे खाली वाकले, आणि पुढच्या माणसासाठी हात वर केला.

परत येताना गाडीत आई खुशीत होती. माणूस चांगला आहे म्हणाली, डोळ्यांत बघतो. नवरा गाडी चालवत होता. घरी पोचल्यावर आई मुलीला घेऊन अंघोळीला गेली तेव्हा तो स्वयंपाकघरात आला. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "आता त्यांनी मला घेतलं तरी मला कळणार नाही, का घेतलं ते." तो पुढे म्हणाला, आईंवर माझा राग नाही, त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तू नेहमी भाषांतर चुकवतेस, आज चुकवलं असतंस तर चाललं असतं.

बारा वर्षांत पहिल्यांदाच मला कळलं की त्याला ते सगळं ठाऊक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली, त्याने मान हलवली, आणि आम्ही मुलीचं दप्तर कुठल्या रंगाचं घ्यायचं यावर बोललो.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. तो खेळत नव्हता याचं मला आधी वाईट वाटायचं, आता तो खेळेल याची धास्ती वाटायला लागली. एखादा सामना निकालात निघालेला असतो, वीस-पंचवीस गुणांचा फरक असतो आणि शेवटची दोन मिनिटं उरतात. तेव्हा कोच बेंचवरच्या वडीलधाऱ्या खेळाडूला मैदानात सोडतो. प्रेक्षक त्याच्या नावाने टाळ्या वाजवतात. तो मान असतो, पण खेळ नसतो. आईच्या शब्दाला कोच अशा दोन मिनिटांनी जागले, तर माझा नवरा जन्मभर हेच धरून बसेल की सासूने विनंती केली म्हणून आपल्याला निरोपाचा नारळ मिळाला. आणि ती विनंती जपानीत केली कुणी, तर मी. प्रत्येक सामन्यात फरक वाढायला लागला की मी मनात म्हणायचे, नका घेऊ, कृपा करून आता नका घेऊ. शेजारी आई म्हणायची, आता तरी घ्या. एकदा तर आम्ही तिथे भांडलो.

कोचनी त्याला घेतलंच नाही. चार आठवडे गेले. आईने निष्कर्ष काढला की डोळ्यांत बघणाऱ्या माणसांचाही भरवसा नाही.

शेवटचा घरचा सामना एप्रिलअखेरच्या रविवारी दुपारी होता. जिंकलो तर पुढच्या फेरीत, हरलो तर मोसम तिथेच संपणार, असं सरळ गणित. हॉल भरलेला. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला आमचा लांबून चेंडू टाकणारा मुख्य खेळाडू चौथा फाऊल करून बसला. आणखी एक केला की तो सामन्यातून बाद. तेव्हा आम्ही सहा गुणांनी मागे होतो. कोच बेंचच्या कडेला गेले आणि माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर बोट टेकवलं. त्याने जॅकेट काढलं, घडी घालून खुर्चीवर ठेवलं, आत शिरायच्या आधी मैदानाला वाकून नमस्कार केला आणि गेला.

आईने माझा दंड पकडला. तिची नखं रुतली त्याच्या खुणा दोन दिवस होत्या.

पहिला चेंडू त्याने उजव्या कोपऱ्यातून टाकला तो कड्यावर आपटून बाहेर. दुसऱ्यांदा चेंडू आला तेव्हा त्याने टाकायचा आव आणला आणि पास देऊन दुसऱ्याला गुण मिळवून दिले. मग त्यांचा एक आडदांड गडी बास्केटकडे सुसाट येत होता, त्याच्या वाटेत हा जाऊन उभा राहिला, छातीवर धडक घेतली, पाठीवर आपटला, आणि शिट्टी आमच्या बाजूने वाजली. उठताना त्याने गुडघा एकदा चाचपला. त्यानंतर डाव्या कोपऱ्यातून पहिला आत गेला. मिनिटभराने तिथूनच दुसरा. दुसऱ्या वेळी त्यांचे दोन खेळाडू चेंडू हवेत असतानाच परत फिरले. मी रडत होते. मुलगी जपानीत विचारत होती, आजी का ओरडतेय? आजी गणिताच्या तासाच्या आवाजात ओरडत होती.

तिसरा क्वार्टर तो शेवटपर्यंत खेळला, चौथ्यातली चार मिनिटंही. शेवटी मुख्य खेळाडूला परत घेतलं आणि आम्ही एका गुणाने हरलो.

मोसम संपला. खेळाडू रांगेने उभे राहून प्रेक्षकांपुढे वाकले. नवऱ्याचा चेहरा सगळ्यांइतकाच गंभीर होता. तासाभराने आमच्या गाडीत बसून दार लावलं आणि त्याने शीळ घालायला सुरुवात केली. हरून इतका खूश झालेला माणूस मी पाहिलेला नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिसऱ्या क्वार्टरमध्ये घेतलं." मी म्हटलं, "हो. सहाने मागे असताना." एवढं पुरलं. कुणाच्या सासूने सांगितलं म्हणून कुठलाही कोच अशा वेळी माणूस आत घालत नाही.

संध्याकाळी आईने मसालेभात केला होता. पानं वाढता वाढता ती सहज म्हणाली, "बघ. जरा उशिरा का होईना, पण ठेवला माझा शब्द." मी चमचा खाली ठेवला. आई, तसं नसतं, मागे असताना घेणं आणि शेवटी घेणं यात फरक असतो, हे सगळं मी तिला आता नीट समजावणार होते. नवऱ्याने टेबलाखालून माझा हात दाबला. मग आपल्या चाळिसेक शब्दांमधून निवडून, सावकाश, मराठीत म्हणाला, "हो, आई. तुमच्यामुळे."

ज्या गोष्टीसाठी तो महिनाभर आतून जळत होता, ती त्याने भाताबरोबर तिच्या पानात वाढून टाकली. आणि मग मला जपानीत सांगितलं की उद्या सकाळी तोच संघाच्या ऑफिसला फोन करणार आहे, त्यांच्या फोनची वाट बघणार नाही. पुढच्या वर्षी खेळायचं नाही.

आईने विचारलं, काय म्हणाला? मी जसंच्या तसं सांगितलं. ती वाढायची थांबली.

"स्वतःहून?"

"स्वतःहून."

"छान झालं," ती म्हणाली. थोड्या वेळाने, कुणी काही विचारलेलं नसताना, पुढे बोलली. "माझा शेवटचा तास राहिला. दहावी अ ला वर्तुळाचं प्रमेय घ्यायचं होतं, मी आदल्या दिवशी काढूनही ठेवलं होतं. पण सत्कार आधी उरकून घेऊ म्हणाले. शाल दिली, भाषणं झाली, तोवर घंटा झाली. मी काही बोलले नाही."

निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. फोनवर मी तिला सत्कार कसा झाला म्हणून विचारलं होतं, आणि शाल कुठल्या रंगाची म्हणून.

नवरा आमच्या तोंडांकडे बघत होता. मी त्याला सगळं सांगितलं, काही न गाळता. त्याने ऐकलं. मग उठला, टेबलावरची पानं एका बाजूला सारली, मुलीची चित्रकलेची वही आणि पेन्सिल आणून आईपुढे ठेवली आणि समोरच्या खुर्चीत ताठ बसला. मुलगी त्याच्या मांडीवर जाऊन बसली. आईने माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, ओढणी कमरेला खोचली आणि उभी राहिली. वहीच्या पानावर तिने कंपास न घेता एक वर्तुळ काढलं, आणि ते जवळजवळ बरोबर गोल आलं.

"चला," आई म्हणाली, "केंद्र कुठंय ते सांगा."